अश्विन महिना, घरातली पोरं आणि किल्ल्याची माती: कोल्हापूरकरांनो, नेमकं सांगा

रंकाळ्याची_हवा

घटस्थापनेपासून भाऊबीजेपर्यंतचा महिना मुलं असलेल्या घरात कसा जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. घट, हादगा, दसरा, कोजागरी, मधेच सहामाही, ती संपते न संपते तोवर किल्ला, कंदील, फराळ. यातलं बरंचसं मोठी माणसं करतात आणि पोरं "हात लावू नको" ऐकत बाजूला उभी राहतात. म्हणून हा धागा. पोरांच्या हाताला नेमकं कुठलं काम द्यायचं, किती दिवस आधी, कुठल्या प्रमाणात, आणि काय बिघडतं, एवढंच लिहा.

अट एकच: "आमच्या लहानपणी" नको. त्यासाठी दुसरे धागे आहेत.

हिशेबासाठी: मुलं ७ आणि ११ वर्षांची, जागा गच्चीवर ५ बाय ४ फूट, वर पत्रा नाही.

पेठेतली_वहिनी

सुरुवात घटापासून. घरच्या घटाला पोरांनी हात लावलेला चालत नसेल तर शेजारी त्यांची वेगळी छोटी परडी मांडा. वाद संपतो.

दहा इंची परडीला तळाशी पत्रावळ किंवा केळीचं पान. माती दोन भाग काळी आणि एक भाग चाळलेलं जुनं शेणखत. ताजं शेण नको, ते तापतं आणि बी कुजतं. मातीचा थर दोन बोटं. अर्धी वाटी गहू, पाव वाटी ज्वारी, मूठभर हुलगे. गहू-ज्वारी आदल्या रात्री भिजवायचे, हुलगे आदल्या दुपारीच, कारण साल जाड. सकाळी पाणी काढून बी एकसारखं पसरायचं आणि वर बी जेमतेम झाकेल एवढीच माती चाळणीने टाकायची. हे चाळण्याचं काम सात वर्षांच्या पोराला उत्तम जमतं.

पाणी ओतायचं नाही, हाताने शिंपडायचं. मधला मातीचा घट नवा असेल तर तो स्वतःच पाझरतो, अशा वेळी पहिले दोन दिवस शिंपडायचीही गरज नसते. बहुतेक परड्या जास्त पाण्याने जातात, कमी पाण्याने नाही.

आणि एक. तिसऱ्या दिवशी बियांभोवती पांढरी लव दिसली की लगेच "बुरशी आली" म्हणून परडी टाकू नका. ती मुळांची लव असते. फक्त मुळाभोवती असते आणि पाण्याचा हबका मारला की चिकटून दिसेनाशी होते. बुरशी एका दाण्यावरून दुसऱ्या दाण्यावर जाळ्यासारखी पसरते आणि तिला कुबट वास येतो. ती दिसली तर तेवढा भाग चमच्याने उचलून काढा, दोन दिवस पाणी बंद.

शिक्षक_करवीर

वहिनी, यातच पाचवी-सहावीचं विज्ञान बसतं. तेच भिजवलेले गहू दोन वाट्यांत पेरायचे, एक खिडकीत ठेवायची, एक कपाटात. रोज संध्याकाळी पट्टीने उंची मोजून वहीत लिहायची. कपाटातलं रोप उंच आणि पिवळं होतं, खिडकीतलं ठेंगणं आणि हिरवं. उजेड नाही म्हणून हरितद्रव्य तयार होत नाही आणि रोप उजेड शोधत नुसतं लांबत जातं. देवघरातल्या घटाचे तुरे पिवळे का असतात याचं उत्तर मुलाला स्वतःच्या वहीत सापडतं. दसऱ्याला तेच तुरे टोपीत खोवायचे.

सहामाहीबद्दलही इथेच लिहून टाकतो. दसरा ते दिवाळी या पट्ट्यात परीक्षा असते, आणि किल्ला परीक्षेनंतर सुरू केला तर तो दिवाळीपर्यंत हिरवा होत नाही. म्हणून किल्ल्याची कामं रोज एक तास अशी फोडा. एकाच रविवारी आठ तास बसवलं तर पोरंही कंटाळतात आणि मातीही नीट वाळत नाही.

पेठेतली_वहिनी

हादगा राहिला. सूर्य हस्त नक्षत्रात साधारण २७ सप्टेंबरला शिरतो आणि ऑक्टोबरच्या १०-११ तारखेपर्यंत असतो. तिथीवर नाही, नक्षत्रावर चालतं, म्हणून कधी नवरात्रात येतो, कधी आधीच आटोपतो. पुण्याकडे भोंडला म्हणतात, आपल्याकडे हादगा. सोळा दिवस जमत नसेल तर शेवटचे पाच करा, पण खिरापत वाढवत न्या: पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन.

खिरापत ओळखायचा खेळ रंगायचा असेल तर पदार्थ वाजणारा आणि बिनवासाचा हवा. डबा हलवून आवाजावर ओळखायचं असतं. फुटाणे, भडंग, खडीसाखर, राजगिऱ्याच्या वड्या, बत्तासे चांगले वाजतात. शिरा केलात तर वासावरून दारातच ओळखतात, गंमत संपली. खोबऱ्याचे तुकडे आणि खारीक एकत्र घातली की आवाजात मोठ्या बायकाही फसतात.

हत्तीचं चित्र पोरींनाच काढू द्या. पाटावर तांदळाने काढलं तर रोज मोडून नवीन काढता येतं, भिंतीवरचं कागदी एकदाच.

बालरोग_ओपीडी

खिरापतीत एक दुरुस्ती. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना फुटाणे, अख्खे शेंगदाणे, खडीसाखर देऊ नका. हसता-गाता खाल्लं की श्वासनलिकेत जातं, आणि हादग्यात हसणं-गाणं दोन्ही आलं. त्यांच्यासाठी वेगळ्या वाटीत राजगिऱ्याचा लाडू चुरून.

गावठी_गडी

दसऱ्याचं सोनं घेताना पोरास्नी पान वळखायला शिकवा. बाजारात आपट्याच्या नावावर कांचन खपवत्यात. आपट्याचं पान ल्हान, जाड, खरखरीत, लांबीपरीस रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं, पातळ, मऊ, तळहाताएवढं. एकदा हातात दोन्ही दिली की पोरगं जन्मात चुकत न्हाई.

आनी झाड वरबाडू नका. एका घराला दहा-बारा पानं लई झाली.

रंकाळ्याची_हवा

दसरा चौकात मुलांना न्यायचं का? सीमोल्लंघन त्यांना दाखवायचं आहे.

पेठेतली_वहिनी

न्या, पण सोहळा सूर्यास्ताच्या वेळचा असतो, पालख्या त्याआधी येतात. अंबाबाई, तुळजाभवानी, गुरुमहाराज अशा पालख्या आणि छत्रपती घराण्याची ती जुनी मेबॅक मोटार, एवढं बघायला पोरांना पुरे. गाडी लांब लावून दीड तास आधी पायी पोचा. सोनं लुटायच्या क्षणी गर्दी एकदम आत ढकलली जाते, तेव्हा लहान पोर खांद्यावर असावं किंवा गर्दीच्या बाहेरच्या कडेला. खिशात मोठ्या माणसाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. पाचवीच्या दिवशी त्र्यंबोलीला कोहळा फोडायच्या वेळी मात्र सहा वर्षांखालचं पोर नेऊ नये असं माझं मत. कोहळ्याचा तुकडा मिळवायला रेटारेटी होते.

दूधकट्टा

कोजागरी कोणी घेतली नाही म्हणून मी घेतो.

एक लिटर म्हशीचं दूध. पंधरा बदाम, पंधरा पिस्ते, पाच वेलच्या, चिमूटभर केशर, जायफळ किसून पाव चमचा, साखर चार ते पाच टेबलचमचे. जाड बुडाच्या पातेल्यात आधी दोन चमचे पाणी फिरवून मग दूध ओता, बुडाला कमी लागतं. मंद आचेवर पाऊण लिटर होईपर्यंत आटवायचं. साखर शेवटी, कारण आधी घातली तर तळाला लवकर लागते. केशर कोमट दुधात दहा मिनिटं भिजवून घालायचं.

पोरांचं काम मसाल्याचं. बदाम भिजवून सोलणं हा चार वर्षांच्या मुलाचासुद्धा आवडता उद्योग, दाबलं की सालातून टुणकन बाहेर. मात्र मसाला कुटण्याआधी ते पूर्ण सुकवा आणि कोरडे परतून गार करा. गरम किंवा ओले बदाम मिक्सरमध्ये फिरवले की तेल सुटून गोळा होतो. थांबून थांबून फिरवा.

साखरेऐवजी गूळ घालायची टूम निघाली आहे. उकळत्या दुधात गूळ टाकलात तर फाटणार. दूध उतरवून कोमट झाल्यावर बारीक चिरलेला गूळ घाला.

आणि दूध गंगावेशच्या कट्ट्यावरचं. समोर काढलेलं धारोष्ण. मुलांना तिथेच पेलाभर पाजा, ताकद येते.

बालरोग_ओपीडी

पाककृती छान, शेवटचं वाक्य नको. कट्ट्यावरचं दूध ताजं आणि बिनभेसळीचं असतं हे मान्य, पण ताजं म्हणजे जंतुविरहित नव्हे. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि गुरांचा क्षयरोग येऊ शकतो, कासेच्या आणि हाताच्या घाणीतून जुलाबाचे जंतू येतात ते वेगळेच. लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं यांना कच्चं दूध नाही म्हणजे नाही. घरी आणून चांगलं उकळा आणि द्या.

दूधकट्टा

डॉक्टर, पैलवान पिढ्यान्‌पिढ्या पितात.

बालरोग_ओपीडी

पैलवानाला पिऊ द्या. सात वर्षांच्या पोराला उकळून द्या. कोजागरीचं दूध तर आटवलेलंच असतं, वाद कशाला.

मातीकाम

आता मुख्य विषय. ५ बाय ४ फुटांचा किल्ला, वसुबारसेला तयार हवा असं धरून उलटं मोजा. किल्ला बिघडतो तो हातकामात नाही, तारखांत.

दहा दिवस आधी: सामान. गच्चीवर आधी जाड प्लॅस्टिक अंथरा, नाहीतर ओल खालच्या घरात उतरते आणि मग किल्ल्यापेक्षा मोठी लढाई होते. २५-३० विटांचे तुकडे, चार जुनी गोणपाटं, पाच-सहा घमेली माती, एक घमेलं भाताचा भुसा, अर्धं घमेलं शेण. एक इंचाच्या थराला एवढी माती लागते, आणि ओली झाली की ती एकटीच शंभर किलोच्या आसपास जाते. आत सगळे दगड भरू नका. मधला पोकळ भाग पुठ्ठ्याच्या खोक्यांनी किंवा उपड्या कुंड्यांनी उचला, वजन निम्मं होतं. खोक्यांवर प्लॅस्टिक गुंडाळा, नाहीतर ओलीने बसतात.

नऊ दिवस आधी: सांगाडा कोरडाच रचायचा. पोरांना वर हाताने दाबून बघू द्या, हललं की पुन्हा रचा. नंतर हलणारा सांगाडा म्हणजे तडा नक्की.

आठ दिवस आधी: मातीचा पातळ राडा करून गोणपाट त्यात बुडवायचं आणि सांगाड्यावर पसरायचं. कडा एकमेकांवर वीतभर चढल्या पाहिजेत. हे गोणपाटच मातीला धरून ठेवतं. ते न लावता थेट विटांवर माती थापली की पहिल्याच पावसात घसरते.

सात दिवस आधी: माती चार भाग, भुसा एक भाग, शेण अर्धा भाग मळून एक इंचाचा थर. चपातीच्या कणकेहून जरा घट्ट. वरून खाली नाही, पायथ्यापासून वर थापत जायचं.

सहा दिवस आधी: वाळू द्या आणि भेगा भरा. पाच दिवस आधी: पेरणी. वसुबारसेला बोटाच्या पेराएवढं हिरवं मिळतं.

गावठी_गडी

माती कुठली हे सांगितलंच न्हाई भावा. सगळा खेळ तिथंच हाय.

मातीकाम

बरोबर, राहिलं. तांबडी माती घ्या, पन्हाळा-राधानगरी बाजूची. नदीकाठच्या मळ्यातली काळी माती फुकट मिळते म्हणून आणतात आणि तिसऱ्या दिवशी किल्ल्याला बोटभर भेगा पडतात. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि ऑक्टोबरच्या उन्हात एका दुपारीत आकसते. काळीच असेल तर तिच्यात निम्मा बारीक मुरूम आणि दुप्पट भुसा घाला. भुशाचे धागे भेग पुढे पळू देत नाहीत.

तालमीच्या हौद्यातली माती मागायला जाऊ नका. एक तर ती देणार नाहीत, आणि तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू असतं. तेलकट मातीत पाणी जिरत नाही, बी रुजत नाही.

तटबंदीला शाडू. गणपती झाल्यावर शाहूपुरी किंवा गंगावेशच्या कुंभार गल्लीत उरलेला शाडू मिळतो. बोटभर जाडीची वळी करून कडेला बसवायची आणि आइस्क्रीमच्या काडीने दगडाच्या रेघा मारायच्या. रंगाला गेरू. चुना पोरांच्या हातात देऊ नका, डोळ्यात गेला तर भाजतो.

गावठी_गडी

पेरणीचं मी सांगतो. गहू पेरू नका, हप्त्यात वीतभर वाढतोय आनी मावळं त्यात बुडत्यात. नाचणी झकास दिसती पर हळू येती. मोहरी तिसऱ्या दिवशी वर येती, पर गोल दाणा, उतारावरनं गडगडून सगळी पायथ्याला गोळा हुती. वर टक्कल, खाली रान.

उताराला अळीवच. पन्नास ग्रॅम अळीव एवढ्या किल्ल्याला भरपूर. अर्धा तास पाण्यात टाका, बुळबुळीत लगदा हुतोय. त्यो हातानं उतारावर सारवायचा. चिकटतोय म्हणून घसरत न्हाई. दुसऱ्या दिवशी मोड, पाचव्या-सहाव्या दिवशी रान हिरवंगार. मोहरी फकस्त माथ्याच्या सपाटीवर भुरभुरा.

मुंग्या आनी चिमण्या लई खात्यात. पेरल्यावर दोन दिवस ओलं सुती फडकं झाका, मोड दिसला की काढा. चौथ्या दिवशीबी झाकून ठेवलं तर पिवळं पडतंय, त्या घटागत. पाणी फवाऱ्यानंच, सकाळ-संध्याकाळ. मगानं ओतलं की बी वाहून बुरुजाखाली.

रंकाळ्याची_हवा

वर पत्रा नाही हे लिहिलं होतं. परतीचा पाऊस आला तर?

मातीकाम

येणारच असं धरून चाला. दुपारी तापतं, चारनंतर ढग, मग अर्धा तास धो धो. ताडपत्री किल्ल्याला टेकवू नका, तिच्यावर पाणी साचून पोट सुटतं आणि मधोमध सगळं भसकन खाली येतं. मधे एक बांबू आडवा, दोन्ही बाजूंना उतार, कडा किल्ल्याच्या बाहेर फूटभर. पाऊस थांबला की लगेच काढा, आत वाफ कोंडली तर अळीव एका रात्रीत कुजतं.

पायथ्याशी चारही बाजूंनी करंगळीएवढा चर आणि एका कोपऱ्यातून पाण्याला वाट. हा चर खोदायचं काम धाकट्याचं. पाणी कुठून कुठे जातं हे तो मगभर पाणी ओतून बघेल तेवढं कोणी सांगून कळत नाही.

पेरणी वाहून गेलीच तर घाबरू नका. तीन दिवस हातात असतील तरी अळीव पुन्हा सारवा, हिरवी झाक येते. दोनच दिवस असतील तर घरात ताटलीत घटातल्यासारखे आधीच उगवून ठेवलेले गहू तुकडे कापून माथ्यावर बसवा.

बुरूज_कोल्हापूर

किल्ला कुठला करणार? बहुतेक पोरं शंकूसारखा डोंगर करून टोकावर सिंहासन ठेवतात. पन्हाळा करायचा असेल तर तसा नको. पन्हाळा माथ्याला पसरट आहे, साधारण त्रिकोणी, पायथ्यापासून सुमारे ४०० मीटर उंच, तटबंदी सात किलोमीटरहून जास्त. म्हणजे ५ फूट लांबीच्या किल्ल्यात निम्म्याहून जास्त जागा सपाट माथ्यालाच द्या आणि कडे एकदम उभे ठेवा. उभ्या कड्यावर अळीव टिकत नाही, तिथे दगडाचे चपटे तुकडे खोचा. दिसायलाही खरं दिसतं.

पोरांनी मांडायच्या जागा: पश्चिमेला तीन दरवाजा, त्याच्या शेजारी अंधारबाव ही विहीर. मधे अंबरखाना, गंगा-यमुना-सरस्वती ही तीन कोठारं. पूर्वेच्या कड्यावर सज्जाकोठी. पूर्वेलाच चार दरवाजा होता, तो इंग्रजांनी १८४४ मध्ये पाडला, म्हणून तिथे अर्धवट भिंत ठेवा आणि बघणाऱ्याने विचारलं की पोराला उत्तर देऊ द्या. कंपास ठेवून दिशा आधी आखून घ्या, नाहीतर तीन दरवाजा हमखास जिन्याकडे तोंड करून बसतो, कारण बघणारे तिकडून येतात.

जागा उरली तर पश्चिमेला मसाई पठार आणि लांब कोपऱ्यात विशाळगड. १६६० च्या जुलैतली १२-१३ तारखेची रात्र, सिद्दी जौहरचा वेढा, पालखी आणि घोडखिंड एवढं दाखवता येतं. वेढ्याचे तंबू काळे-पांढरे कागदी चालतील. एक लक्षात ठेवा, तो पावसाळा होता. वेढ्यात धूळ उडवणारे घोडे दाखवू नका, चिखल दाखवा.

२०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे, ही पाटी पोरांना लावायला आवडेल.

माजी_मावळा

आमच्या लहानपणी तर आम्ही

रंकाळ्याची_हवा

दादा, अट वाचा.

माजी_मावळा

बरं बरं. एवढंच म्हणत होतो की मावळे उतारावर उभे राहत नाहीत. त्यांच्या तळाला आगपेटीची काडी चिकटवून ती मातीत खोचा. आणि रात्री उचलून ठेवा, दवाने मातीच्या चित्रांचा रंग जातो.

बालरोग_ओपीडी

किल्ल्यातल्या तळ्याबद्दल. अंधारबाव म्हणून वाटी पुरतात, पाणी भरतात आणि भाऊबीजेपर्यंत विसरतात. डेंग्यूचा डास असंच स्वच्छ साठलेलं पाणी शोधतो. या हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणजे किल्ल्याचं आयुष्य आणि डासाचं आयुष्य जवळपास सारखंच. एक दिवसाआड वाटी उचलून पाणी ओता आणि कडा घासा. नुसतं ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही जगतात. त्यापेक्षा निळा जिलेटिन कागद लावा. विटा भिजवायचं पिंपही रिकामं करा, ते सगळे विसरतात.

या महिन्यात ताप आला तर पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेला डोस. आयब्युप्रोफेन, अॅस्पिरिन नको. डेंग्यूत ताप उतरला म्हणून निश्चिंत होऊ नका, ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच जपायचे. पोटात सतत दुखणं, पुन्हा पुन्हा उलटी, हिरड्यातून रक्त, सुस्ती, सहा तास लघवी नाही, यातलं एक जरी दिसलं तरी थेट दवाखाना.

कागद_काडी

कंदील. विकतचा आणू नका, याच्यात भूमिती आहे.

बांबूच्या कामट्या २४, प्रत्येक ९ इंच. बुरुडाकडून आणा आणि तासभर पाण्यात टाका, बांधताना चिरत नाहीत. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन बांधा. मग चौकोनाच्या कोपऱ्याला दुसऱ्याचा कोपरा बांधत जा. एक चौकोन वर, एक खाली, चार बाजूंना टोकावर उभे. मधे आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, त्यांना वेगळी कामटी लागत नाही. तयार कंदील साधारण पावणेतेरा इंच उंच होतो.

इथे सगळे फसतात: सांगाडा हातात घेतला की पिळतो आणि कोसळतो. तुमचं बांधकाम चुकलेलं नसतं. चौकोन मुळातच हलतो, त्रिकोण हलत नाही. बाजूच्या चारही चौकोनांत कर्णावर दोन्हीकडून दोरा ताणून बांधा, लगेच ताठ होतो. मगच कागद.

कागद पतंगी. चौकोनाला साडेनऊ इंचांचे चार तुकडे, त्रिकोणाला साडेनऊ इंच बाजूचे आठ. वरचा आणि खालचा चौकोन उघडा. खळ घरी करा: दोन चमचे मैदा, एक कप पाणी, मंद आचेवर चकाकी येईपर्यंत. झुरळं खाऊ नयेत म्हणून जुनी माणसं मोरचूद घालतात. तो विषारी आहे, पोरं खळीची बोटं चाटतात. चिमूटभर तुरटी घाला. खळ पातळ लावा, जाड लावली की कागद सुरकुततो. सुरकुतला तरी चिंता नाही, वाळल्यावर पाण्याचा हलका फवारा मारा, वाळताना ताणला जातो.

आत पाच ते सात वॅटचा एलईडी. जुना साठचा पिवळा बल्ब नको, कागद करपतो. वायर पोराने नाही, मोठ्याने जोडायची.

शिक्षक_करवीर

२४ कामट्या, १२ कोपरे, १४ बाजू. अकरा वर्षांच्या पोराला बांधायच्या आधी मोजायला लावा, नंतर पडताळू द्या.

पेठेतली_वहिनी

फराळात पोरांना चकली दाबायला देतात, पण सोऱ्या त्यांच्या हाताला जड जातो आणि चकली तुटते. कडबोळी द्या. भाजणीला प्रत्येक वाटीमागे एक टेबलचमचा कडकडीत मोहन, तीळ, ओवा, तिखट, मीठ आणि गरम पाण्यात मळून अर्धा तास झाकून ठेवा. पेन्सिलएवढी वळी करून टोकं जोडायची. वळताना चिरली तर पीठ कोरडं, पाण्याचा हात लावा. तेलात विरघळली तर मोहन जास्त, थोडी कोरडी भाजणी मिसळा. बाहेरून लाल आणि आत मऊ राहिली तर आच मोठी.

पोरांनी ताटात वळून ठेवायची, कढईपासून चार हात लांब. वळलेली ओल्या फडक्याखाली, नाहीतर वाळून तळताना फुटतात.

बालरोग_ओपीडी

फटाक्यांवर थोडकं. सुती अंगाबरोबरचे कपडे, पायात बूट, शेजारी पाण्याची बादली. भाजतं ते बऱ्याचदा विझलेल्या फुलबाजीच्या तारेने, कारण ती लाल दिसत नाही पण तापलेली असते. विझली की थेट बादलीत. हाताला सॅनिटायझर लावून फटाक्याजवळ जाऊ नका. दम्याच्या मुलाला सापाच्या गोळीपासून लांब ठेवा, इतक्याशा गोळीला धूर फार.

भाजलं तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काही नाही. फोड फोडू नका. चेहरा, डोळा, हाताचा पंजा किंवा सांधा असेल तर लगेच दवाखाना.

अभ्यंगाचं उटणं लहान मुलाला आदल्या दिवशी कोपराच्या आत लावून बघा. खाज सुटली तर नुसतं तेल पुरे.

रंकाळ्याची_हवा

बरंच मिळालं. शेवटचा प्रश्न: दिवाळीनंतर किल्ल्याचं काय करायचं? सोसायटीवाले दुसऱ्याच दिवशी "गच्ची मोकळी करा" म्हणतात.

मातीकाम

फावड्याने एकदम तोडू नका, गोणपाट वाया जातं. तीन दिवस पाणी बंद करा. माती सुकली की गोणपाटाची कड धरून उचला, थर पापुद्र्यासारखा सुटतो. ढेकळं फोडून चाळा आणि दोन गोण्यांत भरून ठेवा, भुसा त्यातच राहू द्या. पुढच्या वर्षी तो कुजून माती आणखी चिवट होते, तेव्हा नवीन भुसा निम्माच लागेल. गोणीवर "तांबडी" असं लिहून ठेवा, नाहीतर मधल्या काळात कोणीतरी तिच्यात कुंडीतली काळी मिसळतं.

गावठी_गडी

आनी अळीव मुळासकट उपटून गुरास्नी घाला. नसतील गुरं तर कुंडीत गाडा.

माजी_मावळा

मावळे वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून चपलांच्या खोक्यात. तलवारी वेगळ्या काढून. मोडतात त्या तलवारीच.